उजवीकडचं वळण

माझा धाकटा भाऊ बोटीवर इंजिनिअर आहे. खरं तर ते भलंमोठं मालवाहू जहाज, पण रत्नागिरीत सगळ्यालाच बोट म्हणतात. सहा-सात महिने समुद्रावर आणि मग तीन-चार महिने घरी, असा त्याचा फेरा. घरी आला की आधी नुसता झोपतो, मग पोटभर मासे खातो, आणि एकदा अंगातली बोट उतरली की अंगणात गाडी खोलून बसतो. गाडी म्हणजे दीडशे सीसीची मोटारसायकल. नावावर त्याच्या आहे, पण वर्षातले जास्त महिने तिच्यावर मीच असते. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. कुणाच्या घरी जाऊन रक्ताचा नमुना घ्यायचा असला की मला पाठवतात, कारण गावाच्या एका टोकाच्या नाचण्यापासून दुसऱ्या टोकाच्या मिऱ्यापर्यंत कुठल्याही बोळात शिरून मी वेळेत परत येते.

आई कपडे शिवते. बाबा गेले तेव्हा आम्ही दोघंही शाळेत होतो. पुढचं सगळं घर तिच्या मशीनवर उभं राहिलं. गाडीचं वेड तिला कळत नाही. अंगणात गाडी दिसली म्हणजे पोरं घरी आहेत, एवढाच तिचा गाडीशी संबंध.

त्या वर्षी भाऊ दिवाळीच्या आधी सुट्टीवर आला तो डोक्यात ट्रॅक घेऊनच. कोल्हापूरच्या बाजूला गो-कार्टसाठी बांधलेला एक छोटा ट्रॅक आहे. तिथे अधूनमधून एखाद्या रविवारी लहान मोटारसायकलींना सोडतात. शर्यत नसते. समोरून एसटी येत नाही, म्हैस आडवी येत नाही, आणि आपली गाडी वळणात किती कलू शकते ते निवांतपणे शिकता येतं.

"ताई, दोघं जाऊ," तो म्हणाला. "गाडी एकच. एका तुकडीत मी, दुसऱ्या तुकडीत तू."

"कलवून काय करायचंय?" आई मशीनवरून म्हणाली. "सरळ बसून चालवता येत नाही काय रे?"

त्याने तिला समजावलं, म्हणजे खरं तर मला. "मोठ्या गाडीचं इंजिन दांडगं असतं. वळणात ती हळू झाली तरी पुढे अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला की पळते. आपली दीडशे. हिने वळणात वेग घालवला की तो परत कमवेपर्यंत पुढचं वळण येतं. म्हणून लहान गाडीवाल्याने वेग कमवायचा नाही, सांभाळायचा."

आईने कात्री उचलली आणि धागा तोडला. तिचं मत तिने दिलं होतं.

मग टायरवरून आमचं भांडण झालं. मागचं टायर बदलायला आलेलंच होतं आणि भावाला मोठ्या गाडीचं असतं तसं रुंद टायर हवं होतं. कुवारबावला टायरच्या दुकानात मालक म्हणाले, "बसेल. पण तुमची रिम अरुंद आहे, चिमटल्यासारखं बसेल." मीही म्हणाले की मूळ मापाचंच घे. पण सहा महिने पगार साठवून आलेल्या माणसाला दुकानात कोण अडवणार? "रुंद म्हणजे पकड जास्त," तो म्हणाला आणि टायर बसवून घेतलं. घरी येताना मी गाडी चालवली, तेव्हा ती मला जड लागली. आधी वळायलाच तयार नव्हती, आणि वळली ती एकदम कलंडल्यासारखी. मी तसं बोलूनही दाखवलं. "सवय होईल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही आंबा घाटातून कोल्हापूरकडे निघालो. मी मागे बसले होते. डबलसीट, अंगात थंडी, त्यामुळे तो अगदी शहाण्यासारखा चालवत होता. नवं टायर मधोमध घासलं गेलं आणि कडा मात्र तशाच राहिल्या, कारखान्यातून आल्यासारख्या तुकतुकीत. नव्या रबरावर तो तुकतुकीत थर असतो तोवर ते घसरतं, हे त्याला माहीत होतं. इंजिनिअर माणूस. पण उतावळेपणापुढे शिक्षण चालत नाही.

पहिल्या तुकडीत तो गेला. मी कुंपणाशी उभी होते. दुसऱ्याच फेरीत, लांबच्या टोकाला असलेल्या उजवीकडच्या वळणात त्याने गाडी मनासारखी कलवली आणि मागचं चाक पायाखालून सतरंजी ओढावी तसं निघून गेलं. आवाज फार नाही झाला. एक घरंगळल्याचा आवाज आणि मग नुसतं इंजिन बंद पडल्याची शांतता. मी पळत पोचले तेव्हा तो उठून बसला होता आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरून टायरकडे बघत होता.

"तू बोलली होतीस," तो म्हणाला.

"आता गप्प बस," मी म्हटलं.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात त्याचं जॅकेट खांद्यापासून कापून काढावं लागलं. माझा नंबर आलाच नाही. आईला फोन मी केला. "पडलाय, पण बोलतोय," एवढंच एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "त्याला दे." त्याने फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं "हो... हो... नाही गं... हो" केलं. काय बोलली ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

बोटीवर जायचं अर्थातच लांबलं. कंपनीने सांगितलं की पूर्ण बरा होऊन डॉक्टरांचा दाखला आणा, मग बघू. आणि माझा भाऊ शाळेनंतर पहिल्यांदाच इतके दिवस घरात राहिला. गळ्यात हाताची झोळी अडकवून तो दिवसभर आईच्या मशीनजवळ बसायचा, बटणं रंगांप्रमाणे वेगळी करायचा, आणि ब्लाऊज शिवायला आलेल्या बायकांना बोटीवरच्या गोष्टी सांगायचा. बायका मापं देऊन झाली तरी हलायच्या नाहीत. आई वरवर करवादायची, पण त्या दिवसांत तिने किती वेळा तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण केलं, ओल्या काजूची उसळ आठवून उसासे टाकले आणि मोसम नाही म्हणून वालाच्या उसळीवर भागवलं, ते मी बघत होते.

गाडीचं हँडल सरळ झालं, ब्रेकचा दांडा नवा बसला. मग एका रविवारी तो म्हणाला, "ट्रॅकवर तुझा नंबर राहिला ना. चल, शिकवतो."

आमच्या घराच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कुणीतरी प्लॉट पाडून डांबरी रस्ते केले होते आणि मग ते काम तसंच पडलं. घरं नाहीत, माणसं नाहीत, नुसतं गवत आणि त्यातून फिरणारे गुळगुळीत रस्ते. आम्ही घरातली नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली सालं, पोत्यात भरून नेली आणि ती वळणावर खुणा म्हणून मांडली. आधी झाडूने रस्ता झाडायचा, कारण जांभ्याची बारीक रेती वाऱ्याने रस्त्यावर येते आणि तिच्यावर कुठलंही टायर टिकत नाही. मग भाऊ चिऱ्यांच्या ढिगावर बसून ओरडायचा.

"चाकाकडे बघू नको! जायचंय तिकडे बघ!"

"सोडणाकडे काय बघतेस? ते काय पळून जातंय?"

ते रुंद टायर त्याने स्वतःच काढायला लावलं. नव्यासाठी आम्ही बऱ्याच संध्याकाळी वाद घातला, पण या वेळी तो वाद गोड होता. मला वाटत होतं, शर्यतीला लावतात तसं अगदी मऊ रबर घ्यावं. तो नको म्हणाला. "ते टायर तापल्याशिवाय चिकटत नाही. आणि आपली दीडशे त्याला तापवणार कधी? ती मोठ्या गाड्यांची चैन. आपल्याला मूळ मापाचं, रोजच्या रस्त्याचंच, पण जरा मऊ रबराचं बघूया. पहिल्या फेरीपासून कामाला येईल आणि सोमवारी लॅबलाही जाता येईल." तसंच घेतलं. पुढचे काही दिवस मी कामावरून आले की सड्यावर जाऊन गाडी हळूहळू दोन्ही बाजूंना कलवत राहायची, रोज थोडी जास्त, टायरच्या कडांवरची ती चकाकी जाईपर्यंत. गाडी आता हलकी वाटायची. मनात वळण आलं की तीही वळायची.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. झोळी निघाली, डॉक्टरांनी खांदा बरा झाला म्हणून सांगितलं, तो विहिरीवरून कळशी आणायला लागला, तरी गाडीवर तो बसेना. मी चालवत असले तर मागे बसायचा. पण चावी पुढे केली की म्हणायचा, "तूच घे ताई. मला जरा पाय मोकळे करायचेत." आणि बाजारात चालत जायचा. जो माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी आणायलाही गाडी काढायचा, तो. तो चालत निघाला की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

पुढच्या ट्रॅकच्या दिवसासाठी त्याने दोघांची नावं घातली. पैसे भरताना एकाचे काय, दोघांचे भरू, असं म्हणाला, आणि त्याचं मन बदलायच्या आत मी दुसरा विषय काढला.

जायच्या आदल्या दिवशी घरी आले तर मशीनवर त्याचं जॅकेट. आईने जीन्ससाठी वापरते ती जाड सुई घातली होती आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणून ती बाहीशी झटापट करत होती.

"खांद्याचं कापलेलं जोडलं," ती मान वर न करता म्हणाली. "बाजू आत घेतल्या. तुला ढगळ होत होतं."

"तू तर जाऊ नको म्हणत होतीस."

"म्हणत्येच आहे." तिने बाही उलटी करून शिवण ओढून बघितली. "पण जाणार तर आहेस ना? मग घालून बघ."

अगदी मापात बसलं.

या वेळी आम्ही शेजाऱ्यांची पिकअप नेली. आंब्याच्या दिवसांत त्यांना ड्रायव्हर मिळाला नाही की आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्या पेट्या पोचवतं, त्यामुळे ते नाही म्हणत नाहीत. मागे रिकाम्या पेट्यांच्या मधोमध मोटारसायकल दोरांनी बांधली. भाऊ पिकअप चालवत होता, मधे आई, कडेला मी. आई येते म्हणाली तेव्हा आम्हाला दोघांनाही खरं वाटलं नव्हतं. ती डबा घेऊन सगळ्यात आधी गाडीत बसली होती.

ट्रॅकवर तिला कुंपणाजवळ एका पालथ्या पेटीवर बसवलं. बाकी सगळी पोरं, त्यांची वडीलधारी कुणीच नाहीत. आईने पदर डोक्यावरून घेतला आणि ती देवळात बसावी तशी बसली.

माझी पहिली तुकडी काही खास झाली नाही. डावीकडची वळणं जमत होती. सरळ रस्त्यावर गाडी असेल नसेल तेवढी ताकद काढत होती. पण ते लांबचं उजवीकडचं वळण आलं की माझ्या डोळ्यांसमोर भाऊ खांदा धरून बसलेला यायचा. मागून येणारे एकेक करून तिथेच मला ओलांडून जात होते. परत आले तेव्हा तिथले शिकवणारे दादा म्हणाले, "ताई, झ्याक चालवताय की. फक्त त्या तिकडच्या वळणाला काय होतंय तुम्हास्नी?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

आईने मला पाणी दिलं. मग म्हणाली, "अगो, तिथे तुझी गाडी गप्प होत्ये."

"म्हणजे?"

"बाकी सगळीकडे ओरडत असते. त्या वळणात शिरलीस की मधेच गप्प होत्ये. आणि ती गप्प झाली की मला वाटतं, पडलीस." "मी काही बघत नाही. मला बघवत नाही. नुसती ऐकत्ये."

भावाने माझ्याकडे बघितलं. "तू आत शिरल्यावर कान सोडतेस?"

मला स्वतःला कळलंच नव्हतं, पण सोडत होते. हात आपोआप सैल पडत होता.

"आधी हळू हो," तो म्हणाला. "आत शिरायच्या आधी हवी तेवढी हळू हो, लाज नाही. पण एकदा कललीस की कान आहे तसा धर. पिळू नको, सोडू नको. सोडलास की सगळं वजन पुढच्या चाकावर पडतं आणि गाडी बावचळते. तिला वाटतं, आता ही काय करत्ये?" मग तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही टायरांवर तळहात ठेवून बघितलं, आमच्या लहानपणी आई ताप बघायची तसा. "छान ऊब आलीय. हवा किंचित कमी करतो. टायर आपलं काम करतंय ताई, त्याच्यावर विश्वास ठेव."

हे बोलताना तो उजवीकडच्या वळणाकडे पाठ करून बसला होता.

दुसऱ्या तुकडीत मी पहिल्या दोन फेऱ्या त्या वळणाआधी चक्क रांगत गेले. पण आत शिरल्यावर हात हलू दिला नाही. तिसऱ्या फेरीला जरा जास्त वेग ठेवला. गाडी कलली, टायरची बारीक कुरकुर ऐकू आली, मी मान वळवून बाहेर पडायच्या जागेकडे बघत राहिले, आणि इंजिनाचा तो एकसारखा सूर तुटला नाही. वळण संपलं तेव्हा गाडी आपसूक सरळ झाली आणि मी पुढच्या रस्त्यावर होते, हातात वेग शिल्लक असलेली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने हसले. पुढच्या फेरीत तिथेच एकाला ओलांडलं. त्याची गाडी माझ्यापेक्षा मोठी होती, हे मी त्या दिवशी घरी निदान चार वेळा सांगितलं.

परत आले तर आई उभी होती. "या वेळी बोलत होती हो," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

जेवणं झाली. भाकरी, सुकटीची चटणी. शिकवणारे दादाही आमच्यात बसून जेवले. जाताना त्यांनी सहज भावाला म्हटलं, "दादा, तुमचं सेशन राहिलंय की. शेवटची तुकडी निघतीया बघा."

"नको," भाऊ म्हणाला. "खांदा जरा..."

"डॉक्टर बरा झाला म्हणाले ना?" आई म्हणाली.

"झालाय. पण जॅकेट ताईच्या मापाचं केलंयस ना तू." हे तो इतक्या पटकन म्हणाला, की त्याची सुटका झाल्याचं मला ऐकू आलं. "जॅकेटशिवाय सोडत नाहीत."

आई त्याच्याकडे बघत राहिली. जिला मुलगा गाडीवर बसावा असं मुळीच वाटत नव्हतं, आणि जिला तो घाबरलेला बघवतही नव्हता, अशी ती बाई त्या दोन गोष्टींच्या मधे काही क्षण तशीच उभी होती. मग ती माझ्याकडे वळली. "काढ ते."

मी जॅकेट काढलं. तिने पर्समधून धागे कापायची छोटी कात्री काढली, पेटीवर बसली, जॅकेट उलटं केलं आणि बाजूची शिवण उसवायला लागली.

"आई, राहू दे गं," भाऊ म्हणाला.

"गप्प उभा राहा. कापलं नाही मी काही. आत माया ठेवलीय." तिने दातात धरून एक धागा ओढला. "तुझी मूळची शिवण तशीच आहे खाली. माझीच तेवढी काढायची."

तो उभा राहिला. एका बाजूची शिवण उसवून झाली, मग दुसरी. आईने जॅकेट झटकलं, त्याच्या अंगात घातलं, चेन वर ओढली आणि खांद्यावर, जिथे जोड होता तिथे, अंगठ्याने एकदा दाबून बघितलं. खांदा तपासत होती की शिवण, ते मला सांगता येणार नाही.

"हळू जा," ती म्हणाली.

तो खरोखरच हळू गेला. सगळे त्याला ओलांडून जात होते आणि तो ट्रॅकच्या कडेने एखाद्या नवशिक्यासारखा फिरत होता. आई डोळे मिटून बसली होती. मी तिच्याशेजारी. आता मलाही ऐकायची सवय लागली होती. उजवीकडच्या वळणात त्याची गाडी गप्प व्हायची. पुढच्या फेरीतही झाली. त्याच्या पुढच्यातही. आईने माझं मनगट धरलं. मग एका फेरीत आवाज वळणाआधी खाली आला, अगदी खाली, आणि आत शिरल्यावर तसाच राहिला. बारीक, पण सलग. वळण संपेपर्यंत. आणि मग चढत गेला.

"गेला हो नीट," आई म्हणाली आणि डोळे उघडले.

तुकडी संपल्यावर तो आमच्यापाशी येऊन थांबला, स्टँड लावला, पण हेल्मेट काढेना. काच खाली ओढून नुसता बसून राहिला. आई डब्याची झाकणं लावत म्हणाली, "चटणी उरलीय. भाकरीही आहे एक." मग त्याने हेल्मेट काढलं आणि खाल्लं.

निघायच्या वेळी मी मोटारसायकल पिकअपवर चढवायला दोर सोडले, तर तो म्हणाला, "पिकअप तू घेशील ना ताई? मी गाडीवरून येतो."

मग मी पिकअप चालवली आणि आई शेजारी बसली. मलकापूरपर्यंत तो आमच्या पुढे दिसत होता. आंबा घाटाचा उतार लागला, ऊन कलतं झालं होतं, वळणं एकामागून एक येत होती आणि प्रत्येक वळणाला त्याची पाठ जराशी झुकून पलीकडे नाहीशी होत होती. पिकअपला तो वेग जमणारा नव्हता. थोड्या वेळाने तो दिसेनासा झाला.

"दिसत नाही गो," आई म्हणाली.

"पुढे असेल."

"हां." तिने तिच्या बाजूची काच खाली केली.

साखरप्याला रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीपाशी तो उभा होता. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. बाकावर आमच्यासाठी दोन कप चहा सांगून ठेवलेले.

"कधी आलास रे?" आईने उतरता उतरता विचारलं.

"आत्ताच," तो म्हणाला.

आईने कप उचलला. चहा थंडगार होता, त्यावर जाड साय धरली होती. तिने बोटाने साय बाजूला केली, त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि सगळा चहा पिऊन टाकला.